पोरगी स्टेटला मेडल घेऊन आली, आता भारताकडून खेळायचं तर पुढचा रस्ता कसा असतो?

गुहागरकडच्या एका वडिलांनी विचारलंय, थोडक्यात असं: मुलगी सोळा पूर्ण, अकरावीला आहे, बॉक्सिंग खेळते, शालेय स्पर्धेत जिल्हा, विभाग करत स्टेटला गेली आणि ब्राँझ घेऊन आली, वजन ५४ किलोच्या आसपास. आता तिला भारताकडून खेळायचंय. किती वर्षं लागतात, डोक्याला मार बसतो त्याचं काय, पुढे शिक्षण-नोकरीचं कसं, आणि मुंबईतली एक खाजगी अकॅडमी 'दोन वर्षांत इंटरनॅशनल' म्हणून भली मोठी फी मागतेय ती भरू का.

दादा, आधी पोरीचं अभिनंदन करा माझ्याकडून. मी फौजेत असताना खेळलो, आता बरीच वर्षं रत्नागिरीत पोरापोरींना शिकवतोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

त्या 'दोन वर्षांत' पासूनच सुरू करू. निखत झरीन ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाली २०११ ला, तुर्कीत. सीनियरची वर्ल्ड चॅम्पियन झाली २०२२ ला, तीही तुर्कीतच. म्हणजे आपल्या वयाच्या पोरींत जगात पहिली आलेली मुलगी, तिला मोठ्या बायकांच्यात पहिलं यायला अकरा वर्षं लागली, मधे २०१७ ला खांदा निखळला त्यात एक सीझन गेला, २०१९ च्या डिसेंबरला दिल्लीत मेरी कोमबरोबर ट्रायल झाली त्यात ९-१ ने हरली, आणि ती ट्रायल व्हावी म्हणूनसुद्धा तिला आधी क्रीडामंत्र्यांना पत्र लिहावं लागलं होतं. दुसरी जास्मिन लांबोरिया. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पहिलीच फाईट हरली आणि घरी आली, पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलला ५७ किलोत वर्ल्ड चॅम्पियन, आणि फायनलला जिला हरवली ती पोलंडची पोरगी पॅरिसची सिल्व्हरवाली. तर दोन वर्षांत इंटरनॅशनल असं जो सांगतो त्याला एक तर खेळ कळत नाही किंवा धंदा चांगला कळतो. आठ-दहा वर्षं धरून चाला आणि त्यातली पहिली तीन-चार शिकण्याची.

वयोगटाचं सांगतो कारण त्यात लोक फसतात. अंडर १७, अंडर १९ आणि मग एलिट, एलिट म्हणजे १९ ते ४०. वय धरतात ते जन्मवर्षावरून, तारखेवरून नाही, त्यामुळे जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात येतात आणि सोळा-सतरा वयात तो फरक अंगावर दिसतो. तुमची वर्षाच्या शेवटाची असेल तर आत्ताच्या हरण्याला फार किंमत देऊ नका. आणि अंडर १९ ला चमकलेली एलिटला गेली की पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक मार खाते, समोर पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या बायका असतात, ताकद वेगळी, डोकं वेगळं. आमच्याकडची बरीचशी पोरं नेमकी तिथेच खेळ सोडतात. घरच्यांना वाटतं पोर मागे पडलं, पोराला वाटतं आपलं संपलं, खरं तर आत्ता कुठे सुरू झालेलं असतं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पालक येतात आणि विचारतात सर हिचा पंच कसा आहे, हात जड आहे ना? अहो हात कोकणातल्या पोरांचे जडच असतात, लहानपणापासून होडी ओढतात, चिरे उचलतात, विहिरीचं पाणी काढतात. पंचचा प्रश्न नाही. मला विचारायचं तर हे विचारा की पोरगी आत्तापर्यंत किती वेगवेगळ्या पोरींबरोबर रिंगमध्ये उतरलीय. कोकणातल्या बॉक्सरचं दुखणं हेच आहे. आमच्या हॉलला ५४ किलोच्या मुली असून असून किती असणार? दोन, फार तर तीन. वर्षभर त्याच दोघींबरोबर स्पॅरिंग, म्हणजे सरावाची फाईट, एकमेकींचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) कधी येणार ते डोळे मिटून कळतं, दोघींनाही वाटतं आपण लय भारी. मग विभागाला घाटावरची पोरगी समोर येते, ती निघते डावखुरी, साऊथपॉ, उजवा पाय पुढे, आणि आमची पहिला राऊंडभर नुसती पायावर पाय देत फिरते. हरयाणात भिवानी, रोहतककडे एका हॉलमध्ये एका वजनाच्या दहा-दहा पोरी असतात, उंच, बुटकी, डावखुरी, पुढे घुसणारी, मागे राहून मारणारी. त्या पोरी आपल्यापेक्षा वेगळ्या मातीच्या नाहीत, त्यांनी सगळं आधीच बघितलेलं असतं एवढंच. फरक सगळा तिथेच आहे, खुराक बिराक नंतर.

म्हणून तुम्ही पैसा आणि वेळ घालायचा तो यात घाला. आपल्याकडे प्रत्येक घरातलं कोणीतरी मुंबईत असतंच, डोंबिवलीला आत्या नाहीतर विरारला काका. मे महिन्यात सगळे चाकरमानी आंबे खायला गावाकडे येतात तेव्हा तुम्ही पोरीला उलटी गाडीत बसवा आणि महिनाभर तिकडे ठेवा. वेगवेगळ्या हॉलमध्ये जायचं, कोचला आधी फोन करून विचारायचं, सर आमची मुलगी महिनाभर स्पॅरिंगला येईल चालेल का, बहुतेक जण हो म्हणतात कारण त्यांनाही नवीन अंग हवंच असतं. पोरांबरोबरही खेळू दे, पण वजन आणि अनुभव बघून, आणि कोच समोर उभा असताना. दिवाळीत पुणे किंवा कोल्हापूर. असं दोन वर्षं केलं तर तुमची पोरगी आपोआप बाकीच्यांच्या पुढे जाईल. आणि अठरा-एकोणीसला तिला कोकणातून बाहेर काढायचं हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. मला स्वतःला वाईट वाटतं बोलताना, शिकवायचं मी आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, पण इथे राहून एलिटला मेडल आणणं फार अवघड आहे. साई (केंद्राचं क्रीडा प्राधिकरण) सेंटर, सरकारी खेलो इंडिया योजनेचं सेंटर, जिथे ट्रायल निघेल तिथे जायचं. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात, राहणं-जेवण-ट्रेनिंग वेगळं.

स्कोअरिंग समजून घ्या, कारण टीव्हीवर बघून लोकांचा गैरसमज होतो. तीन राऊंड, तीन-तीन मिनिटांचे, मधे एक मिनिट. पाच जज, प्रत्येक राऊंडला जिंकणारीला १० आणि हरणारीला ९, फारच एकतर्फी असेल तर ८. पूर्वी कॉम्प्युटरचं बटण दाबून पंच मोजायचे, ते २०१३ पासून गेलं. तेव्हा लांबून टचटच करून पळणारे जिंकायचे, आता जज बघतात की स्वच्छ पंच कोणाचे लागले आणि राऊंड कोण चालवतंय. आता गणित बघा, तीनच राऊंड आहेत, पहिला गेला तर राहिलेले दोन्ही घ्यावेच लागतात. आणि आमची पोरं हळू सुरू होतात, तिसऱ्या राऊंडला पेटतात, कोकणी स्वभाव म्हणा. तोपर्यंत निकाल लागलेला असतो. मी तर वॉर्मअपलाच एक पूर्ण राऊंड पॅडवर घाम काढायला लावतो, म्हणजे घंटा वाजताना अंग तापलेलं पाहिजे. पण नुसता पहिला राऊंड घेऊनही भागत नाही, पॅरिसला निशांत देवने क्वार्टर फायनलमध्ये मेक्सिकोच्या मार्को वर्देसमोर पहिला राऊंड घेतला होता तरी शेवटी ४-१ ने हरला. निकालावर बोंबाबोंब झाली ती झाली, पण तिसऱ्या राऊंडला पाय जड झालेले ते बघणाऱ्याला दिसत होते. मेडलसाठी आठ-दहा दिवसांत चार-पाच फाईट मारायच्या असतात, एक नाही. त्यामुळे दम. आपल्याकडे किनारा आहे, भरती उतरल्यावरच्या ओल्या वाळूवर पळवा, सुक्या वाळूवर रोज नको, पोटऱ्या आणि घोटे जातात. पावसात घाटीच्या दगडी पाखाडीवर अजिबात पळवू नका, शेवाळावर पाय गेला की सीझन गेला. दोरी उड्या पडवीत पण मारता येतात.

पावसाळ्याचं निघालंय तर, ग्लोव्ह्ज. जूनला किटबॅगमध्ये ओले टाकले की आठवड्यात बुरशी आणि मग हाताला खाज, पुरळ. आत पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, आणि बँडेज रोज धुवायचं. हॉलचे ग्लोव्ह्ज सगळे वापरतात, तिला स्वतःचे घेऊन द्या.

वजन. यावर मी जरा कडक बोलणार. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी घेतात, त्यांना पाणी पिऊन परत भरायला वेळ मिळतो. आपल्या खेळात वजन फाईटच्याच दिवशी सकाळी, आणि ज्या ज्या दिवशी फाईट त्या त्या दिवशी परत. त्यामुळे तीन-चार किलो काढून खालच्या गटात खेळणं म्हणजे सकाळी अंगातलं पाणी काढायचं आणि दुपारी कोरड्या अंगाने मार खायचा. सोळा वर्षांच्या मुलीला तर अजिबात नाही, तिची अजून उंची वाढतेय. प्लास्टिकचा सूट घालून पळवणारे कोच मी बघितलेत. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, अंग थंडच होत नाही, पोर चक्कर येऊन पडतं. ५४ ची ५७ होतेय, होऊ दे. मोठ्या मोठ्यांनी गट बदललेत, मेरी कोम ४६-४८ ला वर्ल्ड मेडलं घेत होती पण २०१२ ला बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकला आलं तेव्हा तीनच गट होते, ५१, ६०, ७५, तर ती ५१ ला जाऊन ब्राँझ घेऊन आली. लव्हलिना टोकियोला ६९ मध्ये ब्राँझ, तो गटच पुढे गेला, तर ७५ ला जाऊन २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियन. वर्ल्ड चॅम्पियनशिपला आता बायकांचे दहा गट आहेत आणि लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला सातच असणार, म्हणजे कधीतरी हा वर-खालीचा निर्णय प्रत्येकीला घ्यावाच लागतो, पण तो वीस-बाविसाव्या वर्षी, आत्ता नाही.

खाण्याचं काही वेगळं नको. नाचणीची भाकरी, भात, बांगडा, तारली, अंडी, डाळ, कुळीथ, केळी, हे असताना तुम्ही डब्यातल्या पावडरीच्या मागे का लागता? फक्त स्पर्धेच्या आधीचे तीन-चार दिवस सुकट, सुके बोंबील, लोणचं, पापड बंद, मिठाने अंगात पाणी धरतं आणि काट्यावर अर्धा-पाऊण किलो जास्त दिसतं. मुलींचं पाळीच्या दिवसांतही वजन थोडं वर जातं, ते कोचला माहीत असायला हवं, तुम्हाला बोलायला अवघडल्यासारखं होत असेल तर तिच्या आईला कोचशी बोलू दे, पण लपवू नका. आणि वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. निम्म्या मुली दम लागतो म्हणून येतात, त्यांना ट्रेनिंग कमी पडत नसतं, रक्त कमी असतं.

पावडरीवरून डोपिंग. हे आत्ताच शिकवायला लागतं कारण नॅशनलला नाडाचे, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचे लोक कधीही लघवीचा नमुना घेतात. नियम एकच, तुझ्या अंगात सापडलं तर जबाबदार तू, कोणी दिलं ते नंतर. जिमवाल्याने दिलेली पावडर, वजन उतरवायची गोळी (लघवी होणारी गोळी, फ्युरोसेमाईड, ती तर कायमच बंदीतली), सर्दीचं औषध, कोणा वैद्याचं बिनलेबलाचं चूर्ण, काहीही. डॉक्टरकडे गेलात की पहिलं सांगायचं की मुलगी खेळाडू आहे. वरच्या लेव्हलला गेल्यावर तर रोज एक तास आपण कुठे असणार ते आधी कळवून ठेवावं लागतं आणि बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर बंदी. परवीन हुडाचं तेच झालं, औषध बिवषध काही नाही, फक्त ठावठिकाणा न कळवल्याबद्दल २२ महिने बंदी, आणि एशियन गेम्सला तिने ५७ किलोत मिळवलेली पॅरिसची जागा देशाच्या हातून गेली. मग जास्मिनने बँकॉकला शेवटच्या क्वालिफायरमध्ये ती परत आणली. 

डोक्याचा मार. खोटं बोलणार नाही, मार बसतो. मुलींना आणि लहान वयोगटांना हेडगार्ड आहे, एलिट पुरुषांचं २०१३ ला काढलं. पण हेडगार्ड कपाळ-भुवई फुटण्यापासून वाचवतं, मेंदू आतल्या आत हलतो ते त्याने थांबत नाही. डोक्याला मार लागून फाईट थांबली तर किमान ३० दिवस रिंग बंद, स्पॅरिंगसुद्धा, आणि परत परत झालं तर मुदत वाढत जाते. हे कागदावर. प्रत्यक्षात जास्तीत जास्त मार फाईटमध्ये नाही तर रोजच्या स्पॅरिंगमध्ये बसतो. मी आठवड्यातून दोनच दिवस जोराचं स्पॅरिंग ठेवतो, बाकी हलकं, ठरवून, आज फक्त जॅब असं. स्पॅरिंगनंतर घरी येऊन डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, विसरल्यासारखं बोलतेय, तर दुसऱ्या दिवशी हॉलला पाठवायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, कोच कितीही काही म्हणू दे. माऊथगार्ड दुकानातलं उकळून चावायचं घेण्यापेक्षा दातांच्या डॉक्टरकडून मापाचं करून घ्या, नीट बसतं म्हणून पोरं तोंडात ठेवतात तरी.

निवड आणि फेडरेशनचं राजकारण यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण तुम्हाला उपयोगाचं थोडंच. स्टेट, मग नॅशनल, नॅशनलच्या मेडलवाल्या इंडिया कॅम्पला, तिथून निवड, कधी सरळ ट्रायल तर कधी कॅम्पमध्ये बरेच दिवस बघून मार्क देतात. यात खेळाडूच्या हातात नसलेलंही बरंच असतं. २०१२ च्या डिसेंबरला आपल्या फेडरेशनवरच आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि २०१६ ला आत्ताची बीएफआय (बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया) उभी राहीपर्यंत सगळा गोंधळ, त्या काळात ऐन भरात असलेल्या पोरांची वर्षं गेली, मेडल घेतलं तरी तिरंगा नाही अशी पाळी आली काहींवर. जागतिक संघटनेचंही तेच, ऑलिम्पिक कमिटीने २०१९ ला जुन्या संघटनेला बाजूला काढलं, टोकियो आणि पॅरिस स्वतःच घेतलं, मग २०२३ ला वर्ल्ड बॉक्सिंग नावाची नवीन निघाली, भारत तिच्यात गेला, आणि २०२५ च्या मार्चला कुठे नक्की झालं की लॉस एंजेलिसला बॉक्सिंग आहे. तेव्हा कोणी इंटरनॅशनल स्पर्धेचं आमिष दाखवलं तर ती कोणाच्या मान्यतेची ते विचारा, नाहीतर पैसे भरून बँकॉक फिरून आणतात आणि सर्टिफिकेट कुठेच चालत नाही. आणखी एक, नवीन संघटनेने मुलींसाठी एकदा करायची जनुकीय लिंगतपासणी सक्तीची केलीय, वरच्या स्पर्धांना ते लागेल, घाबरायचं कारण नाही, फक्त आधी माहीत असू दे.

नोकरीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, तो विचार करायलाच हवा. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठलंही सर्टिफिकेट चालत नाही, स्पर्धा कुठली, कितवा नंबर यावर ठरतं आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं ओरिजिनल, ड्रॉचा कागद, फोटो, सगळं एका फाईलमध्ये. दहावी-बारावीला ग्रेस मार्क मिळतात, शाळा-कॉलेजने वेळेत प्रस्ताव पाठवला तर, मागे लागा. रेल्वे, पोलीस, फौज यांच्या खेळाडू भरत्या निघतात. जास्मिन फौजेत आहे, फौजेने घेतलेली पहिली महिला बॉक्सर तीच. निखत आणि लव्हलिना आपापल्या राज्यात पोलीस डीएसपी. पण नॅशनल मेडलच्या खाली असलेल्या शंभर पोरी कुठे असतात ते कोणी सांगत नाही, म्हणून बारावी आणि पदवी सोडू देऊ नका. कॉलेज चालू असलं की ऑल इंडिया युनिव्हर्सिटीची स्पर्धा मिळते, ती भरतीला चांगली चालते आणि तिथे देशभरातल्या पोरी खेळायला मिळतात, म्हणजे परत माझाच मुद्दा.

राहिली ती अकॅडमी. फी भरायच्या आधी तिकडे जाऊन चार दिवस नुसतं बाकावर बसून बघा. ५० ते ६० किलोच्या मुली किती येतात ते मोजा. स्पॅरिंगच्या वेळी कोच रिंगपाशी असतो की मोबाईलवर. त्यांच्या किती मुली गेल्या दोन वर्षांत नॅशनल खेळल्या, नावं विचारा, भिंतीवरचे फोटो बघू नका, फोटो कोणाबरोबरही काढता येतो. मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आणि हॉलमध्ये एखादी बाई कोच किंवा मॅनेजर आहे का हे तर पहिलं बघा. एवढं सगळं ठीक निघालं तरी वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा, मे महिन्यापुरती. आणि त्या आधी, गणपतीत शालेय स्पर्धांच्या तारखा येतात, आरतीच्या गडबडीत दरवर्षी आमच्या दोन-तीन पोरांचे फॉर्म राहतात, तेवढं मात्र तुम्ही स्वतः क्रीडा शिक्षकांना फोन करून बघा.